ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टीम वापरून १४ महिने झाले, आता खरं काय ते सांगते

रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा फोन. "ताई, निळे पाउच किती राहिलेत गं?" म्हटलं एक असेल, का रे? तर म्हणे तिघांनी घेतलाय. पाउच एकच. एकाने आमच्या वेबसाइटवरून घेतला, दुसऱ्याने मार्केटप्लेसवरून, आणि तिसरीला मीच संध्याकाळी इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये "हो हो आहे, उद्या पाठवते" सांगून पैसे घेऊन मोकळी झालेले. भावाने दोन ऑर्डरी रद्द केल्या, दोघांची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा सिरियसली ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टीम शोधायला बसले.

आमचं दुकान म्हणजे वह्या, डायऱ्या, पेनं, पाउच आणि या सगळ्यांचे गिफ्ट सेट, सगळं ऑनलाइन, तीनशेच्या आसपास आयटम. स्वतःची वेबसाइट, दोन मार्केटप्लेस, आणि मेसेजमधून येणाऱ्या फुटकळ ऑर्डरी. जे सॉफ्टवेअर आम्ही घेतलं त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या बऱ्याच तक्रारी करणार आहे आणि इतर दोन-तीन वापरणाऱ्यांशी बोलल्यावर कळलं की दुखणी सगळ्यांची जवळपास तीच आहेत. कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण घेतल्यावर काय होतं ते मी सांगते.

आधी आमची एक शेअर केलेली एक्सेल शीट होती. त्यात आयटम, शिल्लक, रॅक असे नेहमीचे कॉलम आणि शेवटी एक कॉलम होता "बघून सांगते" नावाचा. खरंच. म्हणजे आकड्यावर विश्वास नसेल तर तिथे टिक करायची आणि मग कुणीतरी उठून रॅकवर जाऊन मोजून यायचं. दिवसाला १०-१५ ऑर्डरी होत्या तोवर हे मस्त चाललं, काही बिघडत नव्हतं. ५० च्या वर गेल्यावर अर्धा दिवस बघून सांगण्यातच जायला लागला. आणि एक्सेलचे स्वतःचे नखरे वेगळेच. नंबर १५ आकड्यांपेक्षा मोठा असला की एक्सेल पुढचे आकडे गपचूप शून्य करून टाकतो, आणि आमच्या कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर १६ आकडी. एका दुपारी ३४ लोकांना शेवटी शून्य असलेले ट्रॅकिंग नंबर मेल झाले आणि मग त्या ३४ जणांचे "हा नंबर चालत नाहीये" म्हणून मेल आले, त्यातल्या दोघांनी तर आम्हाला फ्रॉडच ठरवलं. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवला असता तर काही झालं नसतं, पण हे कळतं नेहमी नंतरच.

ऑर्डर रद्द करायला लागणं म्हणजे नुसती लाज वाटण्याची गोष्ट नाहीये हेही सांगते. मार्केटप्लेसवाले त्याचा हिशोब ठेवतात. अ‍ॅमेझॉनचं उदाहरण घ्या, माल तुम्ही स्वतः पाठवत असाल तर पाठवण्याआधी तुमच्याकडून रद्द झालेल्या ऑर्डरी २.५ टक्क्यांच्या आत हव्यात, उशिरा पाठवलेल्या ४ टक्क्यांच्या आत. ऐकायला २.५ टक्के बरे वाटतात, पण आठवड्याला ४० ऑर्डरी असतील तर एक रद्द केली की झाले २.५ टक्के. एक! एका निळ्या पाउचने अकाउंट धोक्यात येऊ शकतं. मोठ्या विक्रेत्याच्या हजार ऑर्डरींत अशा १०-१५ चुका सहज खपून जातात, मार खातो तो छोटाच.

तर ही सिस्टीम करते काय. डेमो देणारे लोक अर्धा तास "ओम्नीचॅनल" वगैरे बोलतात, पण मुळात गोष्ट सोपी आहे. सगळीकडच्या ऑर्डरी एका जागी येतात, आणि स्टॉकचा आकडा एकाच जागी राहतो, बाकी सगळ्यांना तो तिथूनच जातो. ऑर्डर आली की तेवढा माल लगेच त्या ऑर्डरच्या नावावर राखून ठेवला जातो, भले तो अजून रॅकवरच पडलेला असो. हे "राखून ठेवणं" मला आधी फार किरकोळ वाटलं होतं पण खरी करामत तिथेच आहे. समजा रॅकवर ४० डायऱ्या आहेत, १२ ऑर्डरींत गेल्यात पण अजून पॅक व्हायच्यात, आणि ५ आपण सेफ्टी म्हणून बाजूला धरल्यात, तर विकायला शिल्लक २३. आमच्या शीटमध्ये फक्त ४० दिसायचे. रॅकवर बघून आलं तरी ४० च दिसायचे! म्हणजे तो "बघून सांगते" कॉलम मुळातच चुकीचा प्रश्न विचारत होता, किती आहेत हे नाही तर अजून किती विकता येतील हे विचारायला हवं होतं.

एक गोंधळ आधीच दूर करते कारण माझाही झाला होता. ऑर्डर मॅनेजमेंट वेगळं, वेअरहाउस मॅनेजमेंट वेगळं आणि ईआरपी वेगळं. ऑर्डरवालं सॉफ्टवेअर ठरवतं की ही ऑर्डर कुठून आणि कशी जाणार, वेअरहाउसवालं गोडाऊनच्या आत माल कुठे ठेवला नि कुणी उचलला ते बघतं, ईआरपीमध्ये खरेदी, हिशोब सगळंच येतं. विकणारे तिन्हीची खिचडी करून दाखवतात. आमच्यावाल्यात वेअरहाउसचं थोडंसं आहे, हिशोबाचं नावाला आहे, आणि आम्हाला तेवढं पुरलं.

आता सेटअप. डेमोत सांगितलं होतं, दोन दिवसांत लाइव्ह व्हाल. लागले तीन आठवडे, आणि ह्यात सॉफ्टवेअरचा दोष निम्मा पण नाही, दोष आमचाच. एकच ए-फाइव्ह निळी डायरी वेबसाइटवर एका कोडने, एका मार्केटप्लेसवर दुसऱ्या, दुसरीकडे तिसऱ्या, आणि शीटमध्ये "निळी छोटी". सिस्टीमला हे चार वेगळे आयटम वाटणार, तिला काय स्वप्न पडणार आहे का. प्रत्येकाला एकच कोड द्यायचा, चारही ठिकाणी तो जोडायचा, तीनशे आयटम, हाताने. भाऊ दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, आपण हे दुकान बंद करून दुसरं काहीतरी करूया." पाच दिवस फक्त ह्यात गेले.

मग मोजणी. दोन दिवस विक्री बंद ठेवून सगळा माल मोजला. शीटप्रमाणे संपलेल्या २६ डायऱ्या रॅकच्या मागे पडलेल्या सापडल्या, आणि शीटप्रमाणे असलेली ४० जेल पेनं कुठेच नव्हती, आजतागायत नाहीत. ही मोजणी टाळू नका, हात जोडून सांगते. सिस्टीमला तुम्ही जे सांगाल ते ती खरं मानते आणि मग तेच तीन ठिकाणी एका सेकंदात पसरवते. आधी चूक निदान एका शीटमध्ये तरी राहायची.

प्रत्येक कप्प्याला नंबर दिला, बी-०३-०२ असा, म्हणजे बी रॅक, तिसरी फळी, दुसरा खोका. पॅकिंगला असलेल्या मुलाला हे बिलकुल पटलं नाही. "ताई, मला सगळं तोंडपाठ आहे, कशाला उगाच चिकटवाचिकटवी?" आणि ते खरंच होतं, डोळे मिटून सांगायचा तो कुठे काय आहे. पण मग तो चार दिवस गावाला गेला आणि पहिल्याच दिवशी मी आणि भाऊ पिवळे स्टिकी नोट्स शोधत पाऊण तास फिरलो. नंबर चिकटवलेले होते, आम्ही वाचलेच नव्हते, सवयीने त्यालाच फोन लावत होतो.

सुरू झाल्यावर मात्र मजा आली. सकाळी पिक लिस्ट, म्हणजे रॅकवरून काय काय उचलायचं त्याची यादी निघते, २० ऑर्डरींची एकत्र, आणि कप्प्यांच्या क्रमाने. आधी एक ऑर्डर घ्यायची, रॅकवर जायचं, परत यायचं, पुढची घ्यायची, असं चालायचं, त्यात एकाच पेनासाठी सहा-सहा फेऱ्या व्हायच्या. आता ट्रॉली घेऊन एक फेरी, टेबलावर आणून वाटणी. १०० ऑर्डरींना आमचे तिघांचे संध्याकाळचे सहा वाजायचे, आता दोघांत दुपारी अडीच-तीनला टेबल रिकामं होतं. ह्यात काही जादू नाही, चालणं कमी झालं एवढंच.

आणि स्कॅनर. आमच्या करड्या आणि काळ्या डायरीचं रॅपर सारखंच आहे, ट्यूबलाइटखाली तर दोन्ही जुळ्या बहिणी. महिन्याला पाच-सहा तरी अदलाबदली व्हायच्या. आता पॅक करताना आयटम स्कॅन केल्याशिवाय लेबल निघतच नाही, चुकीचा असला तर स्कॅनर बकरीसारखा ओरडतो. तो आवाज बदलता येतो असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय पण आम्ही बदलला नाही. सहा महिन्यांत रंगाची एकच चूक झाली, आणि ती झाली कारण मी घाईत एकच डायरी दोनदा स्कॅन करून दुसरी न बघता खोक्यात टाकली. सिस्टीमला फसवणं तितकंसं अवघड नाहीये.

बारकोडबद्दल वाचताना एक गंमत कळली, दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावातल्या सुपरमार्केटमध्ये, आणि वस्तू काय तर च्युइंगगमचं पाकीट. आणि त्या १३ आकडी नंबरातला शेवटचा आकडा असाच नसतो. आधीचे १२ घ्यायचे, विषम जागचे तसेच, सम जागचे तिप्पट, सगळ्यांची बेरीज, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तो शेवटचा आकडा. मी एका दुपारी कागदावर करून बघितलं, जुळलं, इतका आनंद झाला की भावाला बोलावून दाखवलं. त्याला काही झाला नाही. पण ह्याचा उपयोग असा की हाताने टाइप करताना एखादा आकडा चुकला तर सिस्टीम तिथल्या तिथे नको म्हणते.

आता गिफ्ट सेट, कारण ज्यांच्याकडे कॉम्बो आहेत त्यांनी सिस्टीम घेताना हेच सगळ्यात आधी तपासायला हवं आणि डेमोत ह्यावर दोन मिनिटंसुद्धा देत नाहीत. आमचा सेट म्हणजे एक डायरी, दोन पेनं, एक पाउच. सेट असा वेगळा बांधून ठेवलेला नसतो, ऑर्डर आली की करतो. तर सेट किती शिल्लक? डायऱ्या ५०, पेनं ८०, पाउच १८. पेनं दोन लागतात म्हणजे ८० चे ४० सेट, डायरीचे ५०, पाउचचे १८, सगळ्यात कमी १८, म्हणून सेट १८. कुणी सुटे दोन पाउच घेतले की सेट १६ व्हायला हवेत, आणि एक सेट गेला की डायरी एकाने, पेनं दोनने, पाउच एकाने कमी, सगळीकडे, लगेच. शीटमध्ये हे मी डोक्यात करायचे, म्हणजे करायचेच नाही. आमच्या सिस्टीममध्ये सेटची रेसिपी एकदा भरली की हे आपोआप होतं आणि ह्या एका गोष्टीसाठी मी तिच्या बाकीच्या चुका पोटात घालते. मी बघितलेल्यांपैकी एका दुसऱ्या सिस्टीममध्ये सेटला वेगळा स्टॉक भरावा लागत होता. म्हणजे १८ सेट वेगळे, १८ पाउच वेगळे, आणि पाउच खरे १८ च. पुन्हा निळा पाउच! मी तिथेच लॅपटॉप मिटला.

अर्थात इथेही एक खोच निघाली. सेट परत आला तर? तो सेट म्हणून परत घ्यायचा की सुटं करून? ग्राहकाने त्यातलं एक पेन ठेवून बाकी परत पाठवलं तर? आमच्यावालीला हे अजिबात जमत नाही, पूर्ण सेट परत किंवा काहीच नाही. अशा वेळी स्टॉक हाताने दुरुस्त करायचा आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहायचं. भावाने एकदा कारण लिहिलं होतं "पेन आवडलं वाटतं".

रिटर्न हा एकूणच कच्चा भाग. ग्राहकाने परत करतो म्हणून बटण दाबलं की सिस्टीम लगेच तो माल स्टॉकमध्ये धरायची. अहो, माल अजून त्याच्या घरी आहे! तो येणार, आम्ही उघडणार, पानं दुमडलीत का बघणार, मग ठरणार की परत विकायचा की नाही. पहिल्या महिन्यात अशा न आलेल्या चार डायऱ्या आम्ही परत विकून बसलो. सपोर्टने सांगितलं, "तुम्ही एक वेगळं लोकेशन बनवा आणि त्याला विक्रीतून वगळा." बनवलं, आता परत येणारं सगळं आधी तिथे जातं, आणि आमच्याकडे त्या लोकेशनचं नाव "बघून सांगते" असंच ठेवलंय.

मोठ्या सेलची रात्र मात्र सांगायलाच हवी. सिस्टीम येऊन तीन महिने झाले होते, आम्ही निवांत, आता कसली भीती. रात्री १२ ला सेल सुरू, पहिल्या २० मिनिटांत जेवढ्या ऑर्डरी एरवी दिवसात येतात तेवढ्या. आणि १२:४० ला दिसलं की एका डायरीचा स्टॉक मायनस ७. मायनस! सिस्टीम असताना! घाम फुटला. नंतर कळलं ते असं. वेबसाइटवर ऑर्डर पडली की वेबसाइट स्वतःहून त्या क्षणी सिस्टीमला सांगते, ह्याला वेबहुक म्हणतात. पण एका मार्केटप्लेसबरोबरचं आमचं कनेक्शन तसं नव्हतं, तिथे सिस्टीम दर १५ मिनिटांनी जाऊन विचारायची, बाबा रे काही नवीन? म्हणजे १५ मिनिटं दोन्हीकडे तोच माल विकला जाऊ शकतो. एरवी १५ मिनिटांत त्या डायरीची एखादीही जात नाही म्हणून तीन महिने हे उघडच पडलं नव्हतं. त्यात भर म्हणजे कुठलीही वेबसाइट ठरावीक वेळात ठरावीक विनंत्याच घेते, जास्त पाठवल्या की ४२९ नंबरचा एरर देते, म्हणजे जरा दमाने घ्या. आमच्या सिस्टीमने दम घेतला तो चांगला अर्धा तास घेतला, आणि स्क्रीनवर कुठेही लाल काही नाही, सगळं हिरवंगार, "कनेक्टेड". ह्याचा मला जास्त राग आला. अडकलंय तर अडकलंय म्हणून सांग ना बाई.

उपाय तसा साधा होता, सेलच्या आधी प्रत्येक पळत्या आयटमचे ८-१० नग बाजूला ठेवायचे, म्हणजे बाहेर दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी. विक्री थोडी हुकते, पण माफीचे मेल लिहावे लागत नाहीत. आणि अगदीच कमी उरलेला माल, पाचच्या खाली, फक्त एकाच ठिकाणी विकायला ठेवायचा. हा नियम सिस्टीममध्ये लावता येतो, लावा. पुढच्या सेलला मायनस शून्य वेळा.

उलटा प्रकारही झाला, एकच ऑर्डर दोनदा आली. वेबहुकचं असं असतं की समोरून "मिळालं" असं उत्तर वेळेत गेलं नाही तर पाठवणारा तोच निरोप परत पाठवतो. चांगल्या सिस्टीमने वेबसाइटचा ऑर्डर नंबर बघून ओळखायला हवं की हे आधी आलंय, सोडून दे. आमच्यावालीने दुसऱ्यांदा आलेल्याला स्वतःचा नवा नंबर देऊन टाकला, आम्ही दोन खोकी पाठवली. ग्राहक बाई इतक्या सज्जन की त्यांनीच फोन करून सांगितलं "माझं पार्सल दोनदा आलंय, पैसे एकदाच गेलेत." हे मात्र कंपनीने आठवड्यात दुरुस्त केलं, त्याचं श्रेय द्यायला हवं.

कुरिअर निवडणं आणि लेबल काढणं ही सगळ्यात कमी कटकटीची बाजू, पत्ता जातो, ४ बाय ६ इंची लेबल थर्मल प्रिंटरमधून निघतं, ट्रॅकिंग नंबर आपोआप ग्राहकाला आणि मार्केटप्लेसला जातो, १६ च्या १६ आकड्यांसकट. शाई लागत नाही ह्या प्रिंटरला, उष्णतेने कागदच काळा होतो, आणि म्हणूनच लेबलचे रोल खिडकीत उन्हात ठेवू नका, आमचे अख्खे दोन रोल राखाडी झाले.

एकच गोष्ट इथे नीट करा, खोक्यांची मापं. कुरिअर वजन दोन प्रकारे धरतात, खरं आणि आकारावरून काढलेलं, आणि जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागायचं. आमचं गिफ्ट सेटचं खोकं ३० बाय २० बाय १५, म्हणजे ९००० भागिले ५०००, १.८ किलो. खरं वजन ७०० ग्रॅम. सिस्टीममध्ये आम्ही फक्त वजन भरलं होतं, मापं रिकामी, त्यामुळे ती आनंदाने ७०० ग्रॅमचा दर दाखवायची, सगळ्यात स्वस्त कुरिअर निवडून द्यायची, आणि महिन्याच्या शेवटी कुरिअरचं बिल भलतंच यायचं. दोन महिने मी त्यांच्याशी भांडत होते, आणि बरोबर ते होते. मग खोक्याची उंची १५ वरून १० वर आणली, सेट आडवा बसतो, १.२ किलो. हे सिस्टीमने नाही सुचवलं पण मापं भरायला लागली म्हणून लक्षात आलं.

आता सपोर्ट. चॅटवर माणूस येतो, गोड बोलतो, "तुमचा मुद्दा आम्ही टेक्निकल टीमकडे पाठवलाय" म्हणतो आणि अंतर्धान पावतो. आमचा एक प्रश्न असा होता की रोजचा रिपोर्ट मध्येच तुटतो, अर्धा दिवस आज, अर्धा उद्या. तीन वेळा चॅट केलं. शेवटी भावानेच शोधलं की सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नोंदल्या जातायत, आपल्या घड्याळाप्रमाणे नाही, आणि सेटिंग बदलायचा एक छोटासा ड्रॉपडाउन प्रोफाइलच्या पानावर आहे, कंपनीच्या सेटिंगमध्ये नाही, प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये. म्हणजे माझ्या स्क्रीनवर वेगळा दिवस आणि भावाच्या वेगळा, आणि आम्ही एकमेकांना "तू चुकीचं बघतोयस" म्हणत होतो.

बिलाची पद्धत ऑर्डरींच्या संख्येवर, टप्प्याटप्प्याने. ऐकायला बरोबर वाटतं, कमी ऑर्डर तर कमी पैसे. पण सेलच्या महिन्यात वरच्या टप्प्यात गेलं की वर्षाचा करार संपेपर्यंत खाली येता येत नाही, आणि रद्द झालेल्या ऑर्डरीही मोजतात. हे करारात होतं, बारीक अक्षरात, मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

माझे पाचपैकी साडेतीन. कॉम्बोला पूर्ण गुण, पिकिंगला पूर्ण, रिटर्नला पाव, सपोर्टला भावाच्या वाट्याचे गुण मी देणार नाही.

घ्यावी का कुणी? लोक विचारतात दिवसाला किती ऑर्डरी झाल्या की घ्यायची, मला तो प्रश्नच पटत नाही. एकाच वेबसाइटवर विकत असाल आणि माल एकाच खोलीत असेल तर दिवसाला २०० ऑर्डरी असल्या तरी शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारख्या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जे आधीच आहे त्यावर बरंच भागतं, वर एक चांगला लेबल प्रिंटर घ्या आणि सुखी राहा. पण तोच माल दोन ठिकाणी विकायला लागलात, किंवा माल दोन ठिकाणी ठेवायला लागलात, की ३० ऑर्डरींनाही डोक्याला ताप सुरू होतो. विकायच्या जागा गुणिले ठेवायच्या जागा, हा गुणाकार दोनच्या पुढे गेला की शोधायला लागा. आमचा तेव्हा तीन होता, मेसेजवाल्या ऑर्डरी धरून चार. हो, मेसेजवाल्या ऑर्डरीपण सिस्टीममध्ये हाताने टाकायच्या, आधी टाकायच्या आणि मग "हो आहे" म्हणायचं. मला ही शिस्त लागायला दोन महिने लागले, आणि ह्या काळात सिस्टीमचा आकडा चुकला की पॅकिंगवाला मुलगा आधी माझ्याकडे बघायचा.

मालाच्या दोन जागा असतील तर अजून एक तपासा, ऑर्डर फोडली जाते का. तीन आयटमपैकी दोन इथे आणि एक तिथे असला तर काही सिस्टीम न विचारता दोन पार्सलं करतात, दोन कुरिअरचे पैसे तुमच्या माथी. ते बंद करून "सगळं जिथे असेल तिथूनच पाठव, नसेल तर मला विचार" असं ठेवता यायला हवं. आम्ही पुढच्या महिन्यात दुसरी खोली घेतोय म्हणून आत्ताच बघून घेतलं, आमच्यावालीत येतं, पण मूळ सेटिंग फोडण्याचंच आहे.

आणि ट्रायल घ्याल तेव्हा डॅशबोर्डचे रंगीत गोल बघत बसू नका, आधी एक्स्पोर्टचं बटण शोधा. उद्या सोडायची वेळ आली तर आपल्या ऑर्डरी, ग्राहक, स्टॉकची हालचाल हे सगळं बाहेर काढता येतं का ते बघा, आणि फाइल उघडून बघा की ट्रॅकिंग नंबर पूर्ण येतो की नाही. आमच्यात ते बटण सेटिंगच्या तिसऱ्या टॅबमध्ये तळाशी आहे, एका वेळी ९० दिवसांचाच डेटा देतं, म्हणून दर तीन महिन्यांनी मी काढून ठेवते. मागच्या वेळी काढायला विसरले होते, भावाने आठवण केली, "ताई, एक्स्पोर्ट झाला का गं?" म्हटलं थांब, बघून सांगते.